एकवीस न्हाय

धामणकर नाक्यावर टेंपो लावून उभं राहिलं की येणारा माणूस दोनच गोष्टी विचारायचा, कुठपर्यंत येणार आणि किती घेणार. मिस्त्रींनी तिसरीच विचारली. खाकी शर्ट, खिशात पेनाच्या जागी टेस्टर, कानामागं अर्धी विडी. माझ्या टेंपोभोवती त्यांनी एक चक्कर मारली, मागचा फाळका दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवला आणि म्हणाले, "वाजतो किती हा?"

मला वाटलं, हॉर्नचं विचारतात. मी हॉर्न वाजवून दाखवला.

"त्यो न्हाय रं बाबा. चालताना. अंग किती वाजतं ह्याचं?"

मी परभणीकडचा. सातवीत शाळा सोडली, पुढं काही वर्षं इकडंतिकडं करून भिवंडीत आलो आणि एका मालकाचा टेंपो चालवायला लागलो. लूमच्या शेडमधून कापडाचे तागे उचलायचे आणि सांगतील तिथं टाकायचे. स्वभाव पहिल्यापासून भित्रा. कुणी जरा मोठ्या आवाजात विचारलं की माझं खरं उत्तरसुद्धा मलाच खोटं वाटायला लागायचं. मिस्त्रींनी खिशातून चिंध्यांचा बोळा काढला, फाळक्याच्या फटीत ठोसून बसवला, परत हलवला. आवाज बंद.

"आवाज करतं ते सैल आसतं," ते म्हणाले. "मानूस असू दे न्हायतर फाळका. गाव कंचा तुझा?"

"परभणी."

"मंग परभणी, रविवारी मोकळा ऱ्हा. शर्यतीला पेटी न्यायचीय."

त्या दिवसापासून माझं नाव परभणी पडलं. माझं खरं नाव त्यांनी कधी विचारलं नाही, आणि मलाही ते सांगावंसं वाटलं नाही.

ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. मिस्त्री भिवंडीला लागून असलेल्या शेलार गावचे. आमच्या भागातल्या एका शेटच्या लूमवर ते फिटर होते. शेटच्या घराण्याचे लोक कोकणच्या किनाऱ्यावरून कधीकाळी भिवंडीत येऊन धंद्यात रुजलेले. घरात चार लूमची चाळीस लूम झाली, पण शेटचा जीव मोटारीत. टॅक्सीतून बाद झालेली एक जुनी गाडी त्यांनी घेतली, मागची सीट उपटून टाकली, आणि मिस्त्रींना म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही लूम पळवता, आता ही पळवा." घाटापलीकडं एका बंद पडलेल्या विमानतळाची धावपट्टी होती. वर्षातून तीन-चारदा तिथं हौशी लोक जमायचे. कुणी डॉक्टर, कुणी गॅरेजवाला, कुणी कारखानदाराचा पोरगा. दोन्ही कडेनं पोती आणि टायर मांडायचे, आणि मोटारी पळवायच्या. शेटची गाडी बहुतेक वेळा मधेच कुठंतरी असायची. पहिली नाही, शेवटचीही नाही.

गाडी शेट स्वतः चालवत न्यायचे. हत्यारांची पेटी मात्र माझ्या टेंपोत. पेट्या दोन होत्या. थोरली लोखंडी, माणूस पाय मुडपून आत झोपेल एवढी. धाकटी तिच्या निम्मी. थोरलीला चार माणसं लागायची, तीही 'या अली', 'जय भीम', 'बजरंगबली' असं ज्याला जे आठवेल ते ओरडत. खाली लोखंडी नळ्या घालायच्या, पेटी ढकलायची, मागची नळी काढून पुढं ठेवायची. शेलारच्या त्या गल्लीतून पेटी अशी टेंपोपर्यंत यायची, की बघायला पोरंबाळं जमायची.

आणि एवढं सगळं करून मिस्त्री केबिनमध्ये माझ्या शेजारी बसायचे नाहीत. मागं, उघड्यावर, पेटीला पाठ लावून, कान झाकणाला टेकवून बसायचे. ऊन असो, वारा असो. एकदा घाटाच्या मध्यावर केबिनच्या पत्र्यावर धाडधाड हात मारले. मी घाबरून टेंपो कडेला घेतला. मिस्त्री उतरले नाहीत, पेटी उघडून बसले.

"काय झालं, मिस्त्री?"

"सोळा हल्ला."

सोळाचा पाना आपल्या जागेतून बोटभर वर आला होता. एवढ्या खड्ड्यांत, एवढ्या इंजिनाच्या आवाजात, तो त्यांनी ऐकला. खाली दाबला, झाकण लावलं आणि म्हणाले, "पेटी म्हंजे तोंड न्हाय, पोट हाय. भरल्यावर गप बसलं पायजे."

त्यांची पेटी गप बसायची त्याचं श्रेय खरं तर मावशींचं. मिस्त्रींची बायको, मी त्यांना मावशी म्हणायचो. त्या एका शेडमध्ये कांड्या भरायच्या. लूमच्या धोट्यात बसते ती लाकडी कांडी, वीतभर लांब, तिच्यावर सूत गुंडाळायचं काम. शेडमधून येताना त्या जाड कापडाचे तुकडे आणायच्या आणि पेटीतल्या प्रत्येक हत्यारासाठी एकेक खण शिवायच्या. आठच्या पान्यापासून बत्तीसपर्यंत, पुढं पक्कड, हातोड्या, छिन्न्या. ज्याचा त्याचा खण, हत्यार पुरतं आत जाईल एवढा खोल, आणि त्याच्या तोंडाशी वेगळ्या रंगाच्या सुताचा टाका.

"लग्नात मला एक खण दिला ह्यांनी," मावशी म्हणायच्या, "आणि पेटीला बघ, साठ!"

"तुझा तरी कुठं फाटलाय अजून?" मिस्त्री.

"घरातली भांडी दिवसभर वाजत्यात, ते ह्यांना ऐकू येत न्हाय. पाना वाजला की लगीच कान टवकारत्यात."

मी हसायचो, आणि मावशी माझ्यापुढं भाकरी आणि सुकटीची चटणी ठेवायच्या. गाव सोडल्यापासून मला "बस" म्हणणारं ते एकच घर होतं. ते घर आपल्या हातून जाऊ नये, एवढीच तेव्हा माझी काळजी होती. रात्रंदिवस म्हटलं तरी चालेल.

मैदानावर मिस्त्रींचा एक रिवाज होता. गाडीचं काम उरकलं की सगळी हत्यारं पुसून खणात जायची. मग गाडी सुटायच्या आधी ते पेटीसमोर उभे राहायचे आणि एकेक खण दाबत मोठ्यानं बोलायचे, "आठ हाय. नऊ हाय. दहा हाय." शेवटपर्यंत. सगळं 'हाय' आलं की म्हणायचे, "सोडा गाडी." त्याआधी शेटसुद्धा चावीला हात लावायचे नाहीत. बाकीच्यांच्या पेट्या वरातीतल्या बँडसारख्या वाजत यायच्या आणि तशाच उघड्या पडलेल्या असायच्या. ते लोक टिंगल करायचे, "अरे, उनकी हाजिरी हो गयी क्या?"

हे एवढं कशासाठी, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. जेवताना, माझ्याकडं न बघता. तरुणपणी एका लूममध्ये ते पाना विसरले होते. लूम चालू झालं, पाना उडाला, समोरच्या कारागिराचा डोळा गेला. "तवा खण न्हवते," म्हणाले. "सगळी हत्यारं एका पोत्यात. एक कमी हाय हे पोतं सांगंल व्हय? खण सांगतो. रिकामा खण वरडतो, परभणी." एवढं बोलून त्यांनी भाकरीचा तुकडा तसाच ताटात ठेवला आणि उठले.

पुढं त्यांची नजर अधू झाली. चष्मा लावायची त्यांना लाज वाटायची. एका रविवारी मला म्हणाले, "परभणी, खण तू दाब. मी इचारतो, तू सांग." तेव्हापासून ते गाडीपाशी उभे राहून विचारायचे, "आठ?" मी खण दाबून म्हणायचो, "हाय." सातवी सोडलेल्या माणसाच्या शब्दावर एक मोटार सुटायची. सांगायला लाज वाटत नाही, पहिल्या दिवशी प्रत्येक खण मी दोनदा दाबला.

आणि त्याच खणांशी मी खोटं बोललो.

शनिवारची दुपार. दुसऱ्या दिवशी शर्यत. ह्या खेपेला शेटची गाडी पहिल्यांदाच शेवटच्या फेरीत पोचली होती. आधीच्या फेऱ्या मागच्या रविवारी झाल्या होत्या. भिवंडीतले निम्मे लूमवाले बघायला येणार होते. पेट्या टेंपोत चढल्या, मिस्त्री जेवायला आत गेले. माझ्या टेंपोच्या मागच्या पाट्याचा एक बोल्ट दोन दिवस वाजत होता. मला वाटलं, मिस्त्रींच्या कानाला त्रास नको. थोरली पेटी उघडीच होती. मी एकवीसचा पाना काढला, बोल्ट आवळला, आणि पाना हातातून निसटून गटारात गेला.

त्या गटारातून वरच्या रंगखात्याचं पाणी यायचं. कधी हिरवं, कधी लाल. त्या दिवशी जांभळं होतं. मी कोपरापर्यंत हात घातला, तारेनं ढवळलं, पाना लागला नाही. नाक्यावर जाऊन नवा आणता आला असता, पण आतून मिस्त्रींचा चूळ भरल्याचा आवाज आला. ओट्यावर मावशींची कांड्यांची टोपली होती. मी एक कांडी उचलली आणि एकवीसच्या खणात सारली. वरून दाबलं. भरल्यासारखं लागलं.

'सांगितलं तर काय झालं असतं?' हा प्रश्न मी स्वतःला नंतर शेकडो वेळा विचारला. काही झालं नसतं. चार शिव्या पडल्या असत्या. पण भित्र्या माणसाला चार शिव्याही घराबाहेर काढल्यासारख्या वाटतात.

दुसऱ्या दिवशी मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला. हाताचा जांभळा रंग निघाला नव्हता.

"एवढ्या उन्हात बाह्या कशाला?" मिस्त्री म्हणाले. "ताप हाय काय?"

"थोडी कणकण आहे."

त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. मग गाडीपाशी उभे राहून विचारायला लागले. "एकोणीस?" "हाय." "वीस?" "हाय." "एकवीस?"

"हाय," मी म्हणालो.

"सोडा गाडी."

शेट एक चक्कर मारून आले, गाडी गरम करायला. बसल्या जागेवरूनच म्हणाले, "मिस्त्री, पुढचं चाक थोडं डुगडुगतंय." शर्यत सुटायला दहा मिनिटं. मिस्त्री चाकापाशी बसले, आत हात घालून बघितलं, उठून पेटीकडं आले आणि एकवीसच्या खणात हात घातला. हातात कांडी आली.

आधी कुणाला काही कळलं नाही. मग शेजारच्या गाडीवाले खो खो हसायला लागले. "मिस्त्री, इधर भी कपडा बुनोगे क्या?" मिस्त्री कांडीकडं बघत होते. त्या शेजाऱ्यांचा मेकॅनिक भला माणूस, त्यानं आपला पाना पुढं केला. "ये लो इक्कीस. टाइट करो, छोडो गाडी."

"तेरा इक्कीस तो मिल गया, भाई," मिस्त्री म्हणाले. "मेरा इक्कीस किधर है?"

त्यांनी नट आवळला, पाना परत दिला आणि बॉनेट उघडलं. शेट ओरडले, "मिस्त्री, वेळ कुठं हाय?" मिस्त्री म्हणाले, "शेट, एक खण खोटा निघाला. आता सगळेच खोटे. पाना गाडीत असंल तर? गाडी न्हाय सुटायची." आणि ते गाडीखाली शिरले.

मी पेटीपाशी उभा होतो. पाना कुठं आहे हे त्या सबंध मैदानात मला एकट्याला माहीत होतं. बाकीच्या गाड्या रांगेत लागल्या. झेंडा पडला. गाड्या सुटल्या, धूळ आमच्या अंगावर आली. शेट स्टेअरिंगवर हात ठेवून तसेच बसून होते.

तेव्हा मी गाडीखाली वाकलो. मी बाही वर केली आणि जांभळा हात मिस्त्रींपुढं धरला.

शेलारच्या माणसाला तो रंग ओळखायला वेळ लागत नाही. त्यांनी हाताकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "गटारात?" मी मान हलवली. "खाली कर बाही," म्हणाले. बाहेर येऊन शेटपुढं उभे राहिले. "शेट, पाना घरी ऱ्हायला. चूक माझी."

शेट काही बोलले नाहीत. गाडी घेऊन निघून गेले. आणि मी, ती दुसरी संधी होती, तेव्हाही गप्प बसलो.

मिस्त्रींनी हत्यारं गोळा केली आणि पेटीत टाकली. खणात नाही. नुसती टाकली. मग केबिनचं दार उघडून माझ्या शेजारी येऊन बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, "मिस्त्री, मागं..."

"काय ऐकायचं आता मागं बसून?"

पेटी भिवंडीपर्यंत वाजत आली. घाटात, नाक्यावर, शेलारच्या वळणावर. असा आवाज मी आयुष्यात दुसरा ऐकला नाही. गल्लीत टेंपो शिरला तेव्हा मावशी पळत दारात आल्या. "पेटी वाजतीय," म्हणाल्या. "कोन गेलं?"

"कोन न्हाय गं," मिस्त्री म्हणाले. "पोरगं दमलंय. भाकर वाढ त्याला."

मी जेवलो नाही. पुढचे आठ दिवस शेलारकडं फिरकलो नाही. आपली जागा गेली असं धरूनच चाललो होतो. नवव्या दिवशी नाक्यावर कुणीतरी माझा फाळका गदागदा हलवला.

"वाजतो किती हा?"

मी मागं वळलो. मला रडू आवरेना. मिस्त्री म्हणाले, "हाटेलात चल. नाक्यावर रडू नको, गिऱ्हाईक पळंल."

चहा पिताना मी म्हटलं, "मी नवा एकवीस आणतो, मिस्त्री."

"नवा न्हाय आनायचा. खण तसाच ऱ्हाऊ दे. रिकाम्या खणाची लाज न्हाय आपल्याला. खोट्या भरल्याची हाय. जिथं काय न्हाय तिथं न्हाय दिसलं पायजे."

पुढच्या शर्यतीला शेटनी त्यांना बोलावलं नाही. त्याच्या पुढच्याला मात्र ते स्वतःच शेलारला आले आणि म्हणाले, "चला मिस्त्री, दुसऱ्यांच्या पेट्या फार वाजतात." मैदानावर गाडी तयार झाली. मी लांब उभा होतो. मिस्त्रींनी हाक मारली, "परभणी, खण!" आणि विचारायला लागले. वीसपर्यंत मी कसाबसा आलो.

"एकवीस?"

"न्हाय," मी म्हणालो.

"आता बराबर. बावीस?"

त्यानंतर जितक्या वेळा पेटी गेली तितक्या वेळा मी ते 'न्हाय' म्हटलं. गरज लागली की मिस्त्री शेजाऱ्यांकडून एकवीस मागून आणायचे, पण खण भरला नाही. शेटनी ती शर्यत नंतर कधीच जिंकली नाही. शेवटच्या फेरीतही परत पोचले नाहीत. नव्वदनंतर धंदा मंदावला, त्यांनी गाडी विकली, धावपट्टीवर म्हणे कुंपण पडलं. पेट्या मिस्त्रींकडंच राहिल्या.

मला मस्कतला पाठवलं ते शेटनीच. त्यांच्या नात्यातल्या एकाचं तिथं गॅरेज होतं, हत्यारांच्या खोलीवर भरवशाचा माणूस हवा होता. भरवशाचा म्हटल्यावर मी त्यांना सगळं सांगून टाकलं. पाना, गटार, कांडी. शेट हसले. "अरे वेड्या, घरी पाना विसरणारा मानूस हाय का तो? मला तवाच कळलं, कुनाला तरी झाकतोय. म्हणून तर मी गप बसलो."

निघायच्या दिवशी शेलारला गेलो. मावशींनी सुकटीची चटणी बांधून दिली. मिस्त्री ओट्यावर बसले होते. मी पाया पडलो, तर पाय मागं घेतले. "जय भीम म्हण आणि नीघ. विमान थांबतंय होय तुझ्यासाठी?" टेंपो आता दुसरा कुणी चालवत होता. मी त्यात बसलो, तेव्हा मिस्त्री उठून आले, फाळका हलवून बघितला आणि ड्रायव्हरला म्हणाले, "वाजतोय. सावकाश ने."

ते मला शेवटचे दिसले ते तसे, फाळक्यावर हात ठेवलेले.

इथं गॅरेजच्या भिंतीवर एक मोठी पाटी आहे. प्रत्येक हत्याराची आकृती तिच्यावर काळ्या रंगानं काढलेली. हत्यार उचललं की रिकामी आकृती दिसते. साहेब ही नवी पद्धत म्हणून आम्हाला शिकवत होते. मला आधी हसू आलं, मग खोलीबाहेर जावं लागलं. संध्याकाळी मोजणी असते. माझ्याबरोबर केरळचा थॉमस असतो. मी नाव घेतो, तो भिंतीकडं बघून सांगतो. मराठीतले दोनच शब्द मी त्याला शिकवले आहेत.

तीन वर्षांनी मावशींचं पत्र आलं, शेजारच्या मुलीच्या अक्षरात. मिस्त्री गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत. काही आवाज नाही. पुढं लिहिलं होतं:

'तुला एक सांगायचं राहिलं. तू गेल्यापासून दर रविवारी पेटी उघडून बसायचे. ते विचारायचे, मी हाय म्हणायची. एकवीसला न्हाय म्हणायची. सगळं झालं की शेवटी विचारायचे, परभणी? मी म्हटलं, अहो, तो मस्कतला हाय, चांगला हाय. तर म्हणाले, हितं हाय का? मी म्हटलं, न्हाय. म्हणाले, मंग न्हाय म्हण. दर रविवारी म्हणायला लावायचे.'

पत्र खिशात ठेवून मी कामावर गेलो. खोलीतले सोबती म्हणत होते, आज सुट्टी घे, समुद्रावर चल, मन रमव. बरी माणसं आहेत. मी गेलो नाही. संध्याकाळी मोजणी केली. आठपासून बत्तीसपर्यंत, पक्कड, हातोड्या, सगळं. थॉमस माझ्याकडं पाठ करून पाटीसमोर उभा राहून 'हाय, हाय' म्हणत होता. इथं एकवीसचा पानाही आहे, चकचकीत. सगळं संपल्यावर माझ्या तोंडून निघालं, "मिस्त्री?"

थॉमस सवयीनं म्हणाला, "हाय."

"न्हाय म्हण," मी म्हटलं.

त्यानं वळून माझ्याकडं बघितलं. काय हरवलंय ते शोधायला पुन्हा एकदा सगळ्या भिंतीवरून नजर फिरवली. मग हळूच म्हणाला, "न्हाय."